पेटीची पुनर्बांधणी

जी वस्तू एकाच माणसाच्या ताब्यात असते ती हरवली, तर निदान दोष कोणाला द्यायचा हे ठरलेले असते. तीच वस्तू चौघांच्या ताब्यात दिली की ती सुरक्षित होते. कारण मग ती हरवल्याचे बराच काळ कोणाच्या लक्षातच येत नाही. मोठमोठी कार्यालये याच तत्त्वावर चालतात. आमच्या चिरंजीवांनी ते घरात आणले, एवढेच.

चिरंजीव एका कार्यालयात इतरांची कामे वेळेवर होतात की नाही, हे पाहण्याचे काम करतात. (ती होत नाहीत. पण पाहणी अत्यंत नियमित असते.) काही वर्षांपूर्वी त्यांनी घरात एक काळी पेटी आणली. बुटांच्या खोक्याएवढी, आत चार डिस्क, पुढे चार हिरवे दिवे. या व्यवस्थेला रेड म्हणतात. तिचे शास्त्र त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर चार चमचे मांडून समजावले. चमच्यांवरून मला काहीच कळले नाही. पण आमचे एकत्र कुटुंब आठवले आणि लख्ख कळले.

आम्ही चौघी जावा. सासूबाई दिवसभरात जे काही बोलत ते चौघींत वाटलेले असे. पूर्ण बोलणे एकीकडेही नसे. पण एखादी माहेरी गेली, तर उरलेल्या तिघी डोकी एकत्र लावून तिच्या वाटणीचेही बिनचूक सांगत. सासूबाई तिला काय म्हणाल्या असतील, कोणाबद्दल म्हणाल्या असतील आणि म्हणताना तोंड कसे केले असेल, सगळे. रेड म्हणजे हेच. चारांतली एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी तिचे सगळे सांगतात. एकाच वेळी दोघी गेल्या, तर मात्र उरलेल्या दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसतात.

पेटी आली तशी मोहीम निघाली. नात्यातली आम्ही सात घरे. सातही घरांना चिरंजीवांचे पत्रक गेले: "कागदी छायाचित्रे वाळवी, ओल व पाहुणे यांमुळे नष्ट होतात. तरी सर्व अल्बम आमच्याकडे जमा करावेत. संगणकात उतरवून घेतल्यानंतर मूळ प्रतींची योग्य ती विल्हेवाट लावण्यात येईल."

अल्बम आले. जाड काळ्या पानांचे, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद, फोटोच्या चार कोपऱ्यांना चार चिकट त्रिकोण. उघडले की डिंकाचा आणि बंद कपाटाचा वास. तेव्हा रोल धुऊन येईपर्यंत आठवडा जायचा आणि त्यात दोन-चार फोटो तरी कोणाच्या अंगठ्याचे निघायचे. तेही आम्ही अल्बमात लावत असू. अंगठा घरचाच असे.

माझे पाच अल्बम होते. हे गेल्यापासून दुपारी मी ते घेऊन बसत असे.

"आई, आता कपाट धुंडाळायला नको," चिरंजीव म्हणाले. "बटण दाबलं की बाबा समोर!"

मी पाचही दिले.

अडून बसल्या त्या एकट्या वन्सं. ह्यांची धाकटी बहीण, पण हे सुद्धा त्यांना वचकून असत. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती. अल्बमची पिशवी त्या काही केल्या हातातून सोडेनात.

"विल्हेवाट म्हणजे रे काय? माणूस गेलं ते गेलं, आता त्याचे फोटोही घालवा!"

"आत्या, घालवत नाहीये. चार डिस्कवर वाटून ठेवतोय."

"म्हणजे चार तुकडे?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे," वन्सं म्हणाल्या आणि पिशवी दिली.

यथावकाश सगळे फोटो पेटीत गेले आणि मूळ प्रतींची योग्य ती विल्हेवाट लागली. (रद्दीवाला आधी घेईना. काळी पाने, डिंक आणि माणसांचे चेहरे असलेला कागद गिरणीत चालत नाही म्हणाला. मग नुसता उचलून न्यायला तयार झाला.) त्यानंतरच्या काळातली पेटीची कामगिरी कोणत्याही खात्याला हेवा वाटावा अशी आहे. जतन केलेले फोटो: सर्व. पाहिलेले फोटो: एकही नाही. ते बटण कोणते, हे मला दाखवायचे राहून गेले होते. "ह्या रविवारी दाखवतो," चिरंजीव म्हणत. रविवार नेमाने येत.

आणि मग एक दिवस घरात टूं टूं असा आवाज सुरू झाला.

बारीकच आवाज, पण थांबेना. सूनबाईंनी फ्रिजवर संशय घेतला. फ्रिजवाला आला, दाराचे रबर बदलून गेला. टूं टूं चालूच. मग वॉशिंग मशीन, मग धुराचा इशारा देणारे यंत्र, मग शेजारी, मग माझ्या कानातले यंत्र. मी ते काढून ठेवले आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला. घरातल्यांचा मिटेना, तेव्हा आवाज माळ्याखालच्या कपाटातून येतो आहे, हे निष्पन्न झाले. पेटीवरचा तिसरा दिवा लाल होता.

"एक डिस्क गेली वाटतं," चिरंजीव म्हणाले.

"मग?" सूनबाई.

"मग काय? एक गेली तर चालते. त्याचसाठी तर चार आहेत."

"आणि हा आवाज?"

"तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागेल. करतो ह्या रविवारी."

सूनबाई व्यवहारी. त्यांनी जुने जाड ब्लँकेट घेतले, चौपदरी घडी केली आणि पेटीला गळ्यापर्यंत पांघरूण घातले. आवाज बंद झाला. (पेटीने दरम्यान रीतसर ईमेलही पाठवले होते. पण ते, महत्त्वाचे ईमेल यावेत म्हणून चिरंजीवांनी मुद्दाम वेगळ्या काढलेल्या पत्त्यावर गेले. तो पत्ता ते उघडत नाहीत.) अशा रीतीने चारांचे काम तिघी करू लागल्या, पांघरुणात, भर उन्हाळ्यात. कोणत्याही कार्यालयात ह्याला काटकसर म्हणतात.

असेच पुष्कळ महिने गेले असते. पण वन्संचा फोन आला.

"ऐंशी पुरी होतायत मला. रविवारी सगळे तुमच्याकडे जमतोय. मोठ्या टीव्हीवर फोटो लाव. आमच्या ह्यांचे आधी."

चिरंजीवांनी कपाट उघडले. ब्लँकेट काढले. पेटीवर हात ठेवला आणि पटकन उचलला. इस्त्रीला लागावा तसा. मग मात्र हालचाल विजेच्या वेगाने झाली. नवी डिस्क आली, मेलेली निघाली, नवी बसली आणि पडद्यावर अक्षरे उमटली: पुनर्बांधणी सुरू आहे.

पुनर्बांधणी म्हणजे उरलेल्या तिघींनी, कोऱ्या चौथीला, गेलेलीचे सगळे पहिल्यापासून सांगायचे. हे काम फार ताणाचे असते. त्या काळात घरात पुढील नियम लागू झाले: मिक्सर लावू नये. कपाटासमोरून टाचा आपटत जाऊ नये. दार लोटावे, ढकलू नये. पेटीजवळ "गेली" हा शब्द उच्चारू नये. टेबलफॅन पेटीकडे वळवण्यात आला आणि माणसांनी वर्तमानपत्राने वारा घेतला. जेवताना आकडा जाहीर होई.

"अठ्ठावीस टक्के."

"वा!"

मी कानातले यंत्र पुन्हा लावले. पाच अल्बम होते माझे, म्हटले निदान आकडा तरी ऐकावा.

एकसष्टाला आकडा थांबला. बासष्ट होईना. मग पेटीतून, कोणी लाकडावर नखाने टकटक करावी तसा आवाज आला आणि दुसरा दिवा लाल झाला.

ह्यात आश्चर्य काहीच नव्हते, हे नंतर कळले. चारही डिस्क चिरंजीवांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातल्या घेतल्या होत्या. एका वयाच्या, एका वळणाच्या, एकाच गरमीत शिजलेल्या. पहिली गेली तेव्हा बाकीच्या रांगेतच उभ्या होत्या. त्यांतल्या एकीला आपण अचानक जन्मभराचे पाठ म्हणायला लावले.

चिरंजीवांनी इंटरनेटवरच्या जाणकारांच्या मंडळात मदत मागितली. उत्तरांचा पाऊस पडला. बहुतेकांनी एकच वाक्य लिहिले होते, "रेड म्हणजे बॅकअप नव्हे." काहींनी ते ठळक अक्षरांत लिहिले. दोघांनी स्वतःच्या पेट्यांचे फोटो टाकले. एकाने, हा प्रश्न पूर्वी विचारून झाला असल्याने तो बंद करावा, अशी सूचना मांडली. ती मंजूर झाली.

मग डिस्क उघडून देणारा एक कारागीर सापडला. त्याच्या खोलीत काचेच्या दारामागे दोन माणसे टोप्या घालून बसली होती, शस्त्रक्रियेला बसावी तशी. चिरंजीवांनी मलाही नेले होते. (आई बरोबर असली की माणसे वाईट बातमी सांगत नाहीत, हा त्यांचा अनुभव.)

"आत चकत्यांवर ओरखडे पडलेत, दोन्हींच्या," तो म्हणाला. "काही निघणार नाही. बॅकअप असेल ना तुमच्याकडे?"

"हाच बॅकअप होता," चिरंजीव म्हणाले.

"बरं. मग मूळ?"



"मूळ प्रतींची योग्य ती विल्हेवाट लावली," मी सांगितले.

रविवार उगवला. सात घरे आमच्या बैठकीच्या खोलीत, खुर्च्या पुरेनात म्हणून काही जण पलंगाच्या कडेला. मोठा टीव्ही पुसून ठेवलेला, काळा. चिरंजीव त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी निवेदन केले. त्यात "तांत्रिक अडचण" तीनदा, "दुर्दैवाने" दोनदा आणि "ब्लँकेट" एकदाही आले नाही. शेवटी मात्र त्यांनी निवेदनाचा कागद घडी करून खिशात घातला.

"आत्या... गेले सगळे. काकांचेही. मी..."

माझा मुलगा मी शाळेच्या निकालानंतर असा उभा राहिलेला पाहिला नव्हता. सगळे वन्संकडे पाहत होते.

वन्संनी पर्स उघडली. चष्मा काढतील असे वाटले. त्यांनी एक जाडजूड पाकीट काढले.

"हे घे. ह्यांना सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढायची खोड होती. तुला दिल्या त्या दुसऱ्या. बऱ्या नव्हत्याच त्या, पांढुरक्या आल्या होत्या."

"आत्या! तू तर म्हणालीस सगळे दिले!"

"तू म्हणालास चार ठिकाणी ठेवतो. मी म्हटलं, आपण पाचवी."

कोणीतरी खोकले. थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांच्याकडचे लग्नाचे फोटो वाळवीने खाल्ल्याचे त्यांनी त्या वेळी लेखी कळवले होते. ती वाळवी, असे आता दिसून आले, कपाटाच्या वरच्या कप्प्यात रुमालात बांधून सुखरूप होती. मधल्या भाऊजींनी प्रत्येक अल्बममधले चांगले फोटो आधीच उचलून, बायकोचे तोंड वाकडे आलेले तेवढे पाठवले होते. (ते पेटीत गेल्याचे दुःख त्यांना नव्हते. भाऊजींच्या बायकोला तर आनंदच झाला.) धाकट्या जावेने सर्वांवर कडी केली. तिने दिलेला अल्बम मुळात तिचा नव्हताच. तो घर बदलून गेलेल्या शेजाऱ्यांचा, माळ्यावर राहिलेला.

"पण मी त्यातल्या प्रत्येकाला नावं घातली होती!" चिरंजीव ओरडले. "कोण कोणाचा कोण, सगळं!"

"बघितलं होतं मी," धाकटी म्हणाली. "छान बसवली होतीस हो नावं."

अर्ध्या तासात हिशेब लागला. सात घरांपैकी सहा घरांनी फसवले होते. आमच्या कुटुंबात एवढी एकवाक्यता आजवर कोणत्याही प्रश्नावर झालेली नाही. हसण्याचा गलका उठला, चिरंजीवांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिले.

"आणि आई, तू? तू कुठे ठेवलेस?"

"मी दिले होते," मी म्हणाले. "पाचही."

हसणे थांबायला थोडा वेळ लागला. पलंगाच्या कडेला बसलेल्यांना ऐकू आले नव्हते.

मग वन्संनी पाकीट मांडीवर उपडे केले आणि पत्ते पिसावेत तसे फोटो चाळू लागल्या.

"हा घे गं वहिनी. दादा आहे ह्यात. कोपऱ्यात. ... हा पण घे. आणि तुम्ही काय बघत बसलात? काढा की तुमचे!"

पर्सा उघडल्या. ज्यांचे घर जवळ होते ते धावत जाऊन रुमाल घेऊन आले. जो तो आपापल्या फोटोच्या कडा तपासू लागला. मधल्या माणसाकडे कोणी बघेना. आमचे हे सगळ्या फोटोंत दुसऱ्यांच्या कडेला होते. एकात जेवताना. दोनांत डोळे मिटून. एकात कोणाच्या तरी डोक्यामागे नुसते हसू. एकात तर केवळ खांदा आला होता, बाकी कापलेले. पण खांदा मी ओळखला. माझ्या पाच अल्बमांत हे सरळ उभे, भांग पाडलेले, श्वास रोखलेले होते. असे चालते-बोलते त्यांतल्या एकाही पानावर नव्हते.

"एक मिनिट," चिरंजीव भारावून म्हणाले, "हे सगळे द्या इकडे, मी लगेच संगणकात..."

सात घरांचे हात एका क्षणात आपापल्या फोटोंवर पडले. त्यांत एक हात माझा होता.

नवी पेटी आली आहे. आठ डिस्कची, दोन गेल्या तरी चालते. पत्रक गेले, सहा घरांनी सर्व फोटो आनंदाने जमा केल्याचे कळवले आहे. मीही त्यांच्यासारखेच जमा केले. चिरंजीव म्हणतात, असा विश्वास हल्ली कुटुंबांत राहिलेला नाही. ते खरेच आहे.

वाचकांपैकी पुष्कळजण म्हणतील, आमच्या घरी असली लबाडी चालत नाही. आमच्याकडे एकाने सांगितले की सगळे डोळे मिटून ऐकतात. असाल तुम्ही तसे, भले लोक. मला तुमची फार काळजी वाटते. आमच्यात भली मी एकटी होते, म्हणून सहा लबाडांना मला सावरता आले. तुम्ही कोणाकडे जाणार?