‘नक्की ना?’चं बटण

टक्. टक् टक्.

न्हाणीघरात प्लास्टिकचा मग बादलीवर वाजला आणि त्रिशलानं चटकन तिकडं बघितलं. लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याचे विश्वजित सर, जतहून घरनं काम करणारा सिद्धू आणि बंगळूरचे दोन पाहुणे अगदी चिडीचूप बसले होते. आणि चार वर्षांच्या आर्जवनं आत मग वाजवला की त्याचं काम उरकत आलं, आता हाक येणार, हे सांगलीतल्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

विश्वजित सरांची कंपनी ब्लॉकचेनचं सॉफ्टवेअर करायची. म्हणजे नोंदींची साखळी. एकदा कडी जोडली की जोडली. मग ती पुसता येत नाही, खुद्द विश्वजित सर आले तरी नाही. हे सॉफ्टवेअर शिकू पाहणाऱ्या, वापरून बघणाऱ्या डेव्हलपर मंडळींसाठी सोपी, सुटसुटीत वेबसाइट करायचं काम त्रिशलाकडं होतं. आर्जवच्या दुपारच्या झोपेत तिनं ती उभी केली होती. त्याचं डोकं तिच्या पायाला टेकलेलं, मांडीवर लॅपटॉप, आणि मुंग्या आल्या तरी पाय हलवायचा नाही. लेकाच्या जन्मानंतरचं हे पहिलंच काम. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘रचना : त्रिशला मगदूम’ एवढं यावं, अशी तिची फार इच्छा होती.

“नावाचं आजची बैठक झाल्यावर बघू,” सर म्हणाले होते.

भांडण झालं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. सरांना बोलून नोंद करायची सोय हवी होती. बोला, क्षणभर थांबा, की नोंद आपोआप साखळीत.

“सर, मधे एकदा ‘नक्की ना?’ असं विचारू या. हो म्हटलं तरच नोंद.”

“अहो मॅडम, हे डेव्हलपर आहेत. त्यांना काय विचारायचं नक्की ना?”

“डेव्हलपरची पण बोटं घसरतात, सर. तोंड तर त्याच्याही आधी.”

“एक क्लिक वाढतो. काढा ते.”

तिनं ते बटण तीनदा घातलं, त्यांनी तीनदा काढायला लावलं. त्याऐवजी दर नोंदीला रंगीत फुलं उधळायची आणि ‘अभिनंदन! तुमची नोंद अजरामर झाली!’ असं लिहून यायचं. माइक बंद करायचं बटण पान भरलेलं दिसतं म्हणून कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या आत कोंबलं गेलं. आणि आज तर सॉफ्टवेअर घेऊ पाहणाऱ्या पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून सरांनी सरावाची साखळी काढून थेट खरीच जोडली होती.

“आता त्रिशला मॅडम एक वाक्य बोलतील. सगळ्यांनी शांत राहा,” सरांनी फर्मावलं होतं. “बघा, किती सोपं!”

त्रिशलानं तोंड उघडलं.

“आईऽऽ! शी झालीऽऽ!”

टिंग्! पडद्यावर ठळक अक्षरं उमटली. ‘आई शी झाली’. फुलं उधळली. अभिनंदन!

“हे काय?” सर ओरडले.

हेडफोन आदल्या दिवशी आर्जवनं आमटीत बुडवलेला. त्यामुळं सरांचा आवाज लॅपटॉपमधून खणखणीत बाहेर आला, आणि एक नोंद झाली की लगेच दुसरीसाठी कान टवकारणाऱ्या वेबसाइटनं तोही टिपला. टिंग्! ‘हे काय’. अभिनंदन!

“काढा ते! काढा!” टिंग्!

“सर, तुम्ही बोलू नका.” टिंग्!

“माइक बंद करा आधी!” टिंग्!

“उजवीकडं वर, मॅडम, तीन रेघा,” सिद्धू मदतीला धावला. “त्यात सेटिंग. न्हाई न्हाई, त्येच्या खालचं.” टिंग्! त्याच्या घरामागं चुलत्याची मेंढरं होती. तीही मदतीला धावली. टिंग्! ‘बे बे’. अभिनंदन!

“मी पानच बंद करते.”

“अजिबात नाही! पाहुणे बघतायत!” टिंग्!

एवढ्यात सासूबाई दारात आल्या. त्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी घास घेत नसे, आणि सून बसल्याशिवाय सासूबाई बसत नसत.

“आगं, पोरगं कवाचं हाका मारतंय, आन् तू त्या डबड्यासंगं काय भांडत बसलीस? दिवस बुडाय आला. माजं जेवान ऱ्हाईल आज!” टिंग्!

“आत्याबाई, हळू! सगळं लिहिलं जातंय.”

“लिवू दे की! खोटं बोलतीया का मी?” टिंग्! सासूबाईंच्या डोक्यावर अभिनंदनाची फुलं उधळावीत तशी ती पडद्यावर उधळली.

तीन रेघांकडं निघालेला त्रिशलाचा हात थांबला.

पलीकडं सरांचा तोल सुटला होता. “घरी लहान मूल असलेल्या बाईला काम दिलं, हीच माझी चूक!”

टिंग्! अख्खं वाक्य उमटलं, पार ‘हीच माझी चूक’पर्यंत. अभिनंदन! तुमची नोंद अजरामर झाली!

बंगळूरचे पाहुणे मान तिरकी करून वाचत होते. त्यातल्या एकाला मराठी येत असावं, कारण तो दुसऱ्याच्या कानाशी लागला होता.

त्रिशलानं पदर खोचावा तशी ओढणी खोचली. लॅपटॉपपाशी वाकली आणि मधे कुठंही न थांबता, एकेक अक्षर सुटं करत बोलली, “पोराला शी होणारच, ती चूक नव्हे, ‘नक्की ना’ विचारायचं बटण मी तीनदा घातलं, विश्वजित सरांनी तीनदा काढायला लावलं, हे मी पूर्ण शुद्धीवर आणि अगदी नक्की बोलतेय, रचना त्रिशला मगदूम, सांगली.”

मग ती थांबली. टिंग्! फुलं उधळली. या खेपेला ती शोभून दिसली.

लॅपटॉप तसाच चालू ठेवून ती न्हाणीघराकडं निघाली. मागून सिद्धूचा आवाज आला, “मीबी म्हटलेलो, सर. सिद्धू, जत.” टिंग्!

ताटं वाढली तेव्हा अंगणात थोडं ऊन शिल्लक होतं.

“गेलं का काम?” सासूबाईंनी विचारलं.

“गेलं असंल.”

“जाऊ दे. दुसरं घावंल. भाकरी घे.”

भाकरी मोडतेय तोवर फोन वाजला. सरांचा आवाज पार खाली आला होता.

“मॅडम, ते बटण परत घाला. पाहुणे म्हणतात, त्याच्याशिवाय आमची माणसं ह्या वेबसाइटला हात लावणार नाहीत. आणि तळाशी तुमचं नावही टाकू.”

“नाव आहे, सर. अजरामर झालंय.”

“हां, तेच... मॅडम, ते माझं एक वाक्य आहे ना, लहान मुलाबद्दलचं. तेवढं पुसायचं काही...”

“पुसता येत नाही, सर. पाहुण्यांना तुम्हीच छाती फुगवून सांगत होता.”

सासूबाई पदराआड हसल्या.

हात धुऊन त्रिशला लॅपटॉपपाशी बसली, तीन रेघांत शिरून आधी माइक बंद केला, तोवर आर्जव मांडीवर येऊन बसला. “माजं काय लिवलंय, दाखव.”

तिनं वाचून दाखवलं. तो खुदुखुदु हसला. मग गंभीर झाला.

“मी शाळेत गेलो तरी हे ऱ्हाणार?”

“राहणार.”

“मला मिशा आल्या तरी?”

“तरी.”

“तू आज्जीएवढी म्हातारी झालीस तरी?”

“हो रे, राजा.”

वर ‘आई’ होतं. तेवढी अक्षरं त्याला ओळखू येत. त्यावर त्यानं बोट ठेवलं. मग तिनं दाखवलेल्या, खालच्या तिच्या नावावर.

“आनि तू नसलीस तरी?”

त्रिशलानं त्याच्या केसांतून हात फिरवला. “तरी राहणार.”

“मग तवा मी हितनं हाक मारली, तर तू तितनं ओ देशील?”

तिनं त्याला नुसतं घट्ट धरलं. त्यानं मान वळवून तिच्या तोंडाकडं बघितलं.

“नक्की ना?”