आधी दुप्पट, मग वाटणी

देवरे सर काहीही घ्यायचे ते दोन घ्यायचे. छत्र्या दोन, चपलांचे जोड दोन, कॉफी रंगाचे स्वेटर दोन. एक वापरायचे आणि दुसरं पिशवीतून न काढता ठेवून द्यायचे. एकदा भद्रकालीच्या बाजारात त्यांनी दाढीचे दोन आरसे मागितले तेव्हा दुकानदार म्हणाला, "दोन कशाला, गुरुजी? तोंड तर एकच आहे." सर म्हणाले, "एक फुटला तर?" पुढे तो एक खरंच फुटला. सरांनी दुसरा काढला नाही. तिसरा विकत आणला.

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिकच्या एका ज्युनियर कॉलेजात एकत्र होतो. मी प्राणिशास्त्र शिकवायचे, सर वनस्पतिशास्त्र. दोघांत प्रयोगशाळा एक आणि बेसिनही एकच. त्या बेसिनवरून आमचं भांडण व्हायचं, कारण त्यात कायम त्यांचे कांदे असत. जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत काठोकाठ पाणी, प्रत्येकीच्या तोंडावर एकेक कांदा, आणि खाली पाण्यात पांढऱ्या मुळांच्या दाढ्या. पेशीविभाजनाचं प्रात्यक्षिक या मुळांच्या टोकांवर करतात, कारण वाढ तिथेच चाललेली असते. कुठलाही कांदा चालतो. सरांना मात्र नामपूरचाच लागे. मंडईत ते शुद्ध मराठीत भाव विचारायचे आणि मग हळूच अहिराणीत, "नामपूरना शे का?"

सर मूळचे तिकडचेच, बागलाणातले. मी सटाण्याची, म्हणजे नामपूरची शेजारीण. पण मी कधी "सुट्टीत गावाकडे येता का?" म्हटलं की त्यांना अचानक एखादी बाटली धुवायची असे.

मुळांची टोकं ते सकाळी साडेसातच्या ठोक्याला कापायचे. त्या वेळेला विभाजन भरात असतं असं त्यांचं म्हणणं. पावणेआठला आलेल्या मुलांना ते सांगत, "गाडी गेली. आता टेलोफेजवर, शेवटच्या टप्प्यावर, भागवा." टोक रंगवून झालं की काचपट्टीवर ठेवायचं, वर पातळ काच, आणि अंगठ्याने दाबायचं, म्हणजे पेशी पसरतात. मुलं भीत भीत दाबत. सर म्हणत, "खरेदीखतावर अंगठा उठवतात तसा दाबा. घाबरत दाबणारा माणूस तिथे कधी पाहिलाय?"

मग सूक्ष्मदर्शकाला एकेकाचा डोळा लावून त्यांचं ठरलेलं भाषण सुरू होई. मी शेजारच्या टेबलावर झुरळं मांडत असे, त्यामुळे ते मला पाठ आहे.

"पेशी वाढते. पण वाढली म्हणून लगेच वेगळा संसार मांडत नाही. आधी घरातला सगळा लेख उतरवून काढते. डीएनएच्या दोन पट्ट्या असतात, स्वेटरच्या चेनसारख्या एकमेकींत अडकलेल्या. ती चेन उघडते. दोन्ही पट्ट्या सुट्या होतात आणि प्रत्येक अर्धी पट्टी आपली गेलेली जोडीदारीण नव्याने बांधून काढते. अर्ध्यावरून अख्खं. म्हणजे दोन्ही नकलांत अर्धं जुनं, अर्धं नवं. कांद्याची सोळा गुणसूत्रं, सगळ्यांची नक्कल तयार. मग ती मधोमध रांगेत उभी राहतात, पंक्तीला बसल्यासारखी. प्रत्येक जण उभा चिरतो, एक भाग इकडे, एक तिकडे. दोन्ही घरांत सोळा-सोळा. कोणी रडत नाही, कोणी रुसत नाही. आधी दुप्पट, मग वाटणी. हे नामपूरच्या पंचांना माहीत नव्हतं."

मुलं हसायची. मीही हे नेहमीचं टाळ्या घेणारं वाक्य समजायचे.

हेडक्लार्क निवृत्त झाले तेव्हा स्टाफरूममध्ये केक आणला होता. प्राचार्यांनी सुरी उचलली आणि सरांनी त्यांचा हात धरला. "थांबा जरा." सायकल काढून ते गेले आणि वीस मिनिटांनी तसाच दुसरा केक घेऊन आले. "आता कापा." त्या दिवशी सगळ्यांना दोन-दोन तुकडे मिळाले, त्यामुळे कोणी त्यांना वेडं म्हटलं नाही.

एका सकाळी मी लवकर गेले तर बेसिन रिकामं. सर खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते आणि काचपट्टीच्या जागी वांगी रंगाचं कापड होतं. त्यातली जर लखलखत होती.

"कांदे कुठे गेले?"

"त्यांना आज सुट्टी. मॅडम, तुमची नजर बरी आहे. इथे एका बोटात धागे किती आहेत, मोजा."

मी मोजले नाहीत. कापड ओढून बघितलं. पैठणी होती. पदर होता, काठ होता, लांबी अख्खी नऊवारीची होती, पण पन्हा अर्धाच. एका बाजूला काठ आणि दुसरीकडे कात्रीची धार. पदरावरचा मधला मोर चोचीपासून शेपटीपर्यंत बरोबर अर्धा.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. चांगल्या कापडाची अशी दशा केलेली मला बघवत नाही.

"मीच," सर म्हणाले.

पैठणी त्यांच्या आईची. आई गेल्यावर घराची वाटणी झाली. शेत, बैल, भांडी सगळं सुरळीत पार पडलं आणि पैठणीवर गाडं अडलं. दोन्ही सुनांचं म्हणणं एकच, सासूबाईंनी ती मला कबूल केली होती. पंच म्हणाले, कापा. कोणीतरी कात्री आणली आणि आडवी चालवणार तेवढ्यात सरांना शास्त्र सुचलं. आडवी कापली तर पदर एकीलाच जाईल. उभी चिरा, म्हणजे दोघींना पदर, दोघींना काठ.

"आणि मी हसलो, मॅडम. काय डोकं चालवलं, म्हणून. धाकटा बापू समोर होता. त्याने आपलं अर्धं उचललं आणि उठून गेला. तेव्हापासून बोलणं बंद. अकरा वर्षं."

आता बापूंच्या मुलीचं लग्न ठरल्याचं त्यांना मंडईतल्या कांदेवाल्याकडून कळलं होतं. पत्रिका आली नव्हती. सरांना मूलबाळ नव्हतं. या पुतणीला त्यांनी खांद्यावर बसवून यात्रा दाखवली होती. म्हणून त्यांनी येवल्याचा एक विणकर गाठला होता. तो या अर्ध्यावरून उरलेलं अर्धं विणून मधोमध जोडून देणार होता.

"विणकर म्हणतो, हा मोर ओळखीचा वाटतो," सर म्हणाले. "गिऱ्हाईक बांधून ठेवायच्या युक्त्या."

तीन महिन्यांनी पैठणी झाली. एक बाजू विटून मवाळ झालेली, दुसरी कोरी करकरीत, मधे शिवण, आणि मोर पुरा. सरांनी ती वर्तमानपत्रात बांधून माझ्या टेबलावर ठेवली. "तुम्ही दिवाळीला सटाण्याला जाणारच. तेवढी नामपूरला पोचवा."

"मी टपालखात्यात नोकरीला नाही. तुम्ही चला."

"त्याने दारातूनच हाकललं तर?"

"तर पुढच्या गाडीने परत. गाड्या आहेत."

एसटीत सरांनी खिडकीची जागा धरली. पुडकं मांडीवर असं धरलं होतं की शेजारच्या बाईने विचारलं, "बाळ झोपलंय का?"

नामपूरला बापू ओट्यावरच बसले होते. चेहरा हुबेहूब सरांचा, फक्त उन्हात राहिलेला. बघितलं तरी म्हणाले, "कोन शे?"

"मी शे, बापू."

मग बापू माझ्याकडे बघून म्हणाले, "बठा ना, ताई." मी बसले. सर उभेच.

शेवटी मीच पुडकं घेतलं आणि सोडून बाजेवर पसरलं. बापू वाकले. त्यांनी बोट शिवणीवरून चालवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आरधी मायनी शे," सर म्हणाले. "आरधी येवलानी. पोरीसाठे." मग खाली बघत, "बापू, मी हसाले नको व्हतं."

बापू उठून आत गेले. सरांनी माझ्याकडे बघितलं. परतीची गाडी किती वाजता, असा तो चेहरा होता. आत पेटीचं झाकण वाजलं. बापू बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी पहिल्या पैठणीशेजारी उलगडलं.

तीही पैठणी. वांगी रंग, मधे शिवण, पदरावर अख्खा मोर. फक्त आपल्या पैठणीत डावी बाजू विटलेली होती, हिच्यात उजवी.

"वहिनीसाठे शे," बापू म्हणाले. "तीन वरीस झायात."

विणकराला मोर ओळखीचा का वाटला ते आता कळलं. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते, म्हणून मी दोन्ही शिवणी तपासल्या. बापूंची शिवण जास्त सफाईदार होती. तसं मी सांगितलं. सर म्हणाले, "हो का?" आणि बाजेच्या कडेवर बसले. मग बापूही बसले.

मार्गशीर्षात लग्न झालं. थंडी कडक होती. मी थोडी उशिरा पोचले तेव्हा मांडवाच्या दाराशी दोघे भाऊ पाहुण्यांना गंध लावत होते. दोघांच्या अंगात कॉफी रंगाचे स्वेटर. सरांचा कोपरांवर विरलेला. बापूंचा कोरा, अकरा वर्षांच्या घड्या तशाच, आणि जवळ गेलं की डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.