भीमाबाईंच्या पाट्याचे वय

मध्य प्रदेशातल्या महाराजपुरात राहणाऱ्या भीमाबाई म्हाताऱ्या आहेत, ही गोष्ट शासनाला मान्य नव्हती. केस पांढरे, दात नाहीत, हातात काठी. पण वृद्धांच्या पेन्शनसाठी साठी पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. भीमाबाईंचे जन्मगाव राज्यपुनर्रचनेत महाराष्ट्रात गेले आणि तिथले दप्तर कुठल्याच राज्याला सापडेना. जबलपूरच्या कचेरीच्या चकरा त्यांच्या पाचवीलाच पुजल्या होत्या. पेन्शन नाही मिळाली तर उरलेला जन्म सुनेच्या तोंडाकडे पाहत जेवायचे, एवढाच काय तो प्रश्न होता.

एकदा सोबत नात आली. विनता प्रयोगशाळेत जुन्या खडकांची वये काढते, हे कळताच कचेरीतले बाबू नीलकंठराव खुर्चीत सावरून बसले.

"खडकाचं वय? ते कसं काय?"

"खडकातलं युरेनियम ठरलेल्या गतीनं शिसं होत जातं. त्या शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं की खडक कधी थिजला ते कळतं."

"अच्छा! मग आजीचं काहून नाही करून राहिल्या?"

"त्यासाठी आजीला आधी वितळावं लागेल, साहेब."

नीलकंठरावांनी शेरा मारला: 'अर्जदार सहकार्यास तयार नाही.' मग त्यांनाच दया आली. "आजी, जन्मापासून सोबत असलेली एखादी वस्तू हाय का?"

"पाटा हाय ना. माह्या पाचवीच्या पूजेले बापानं आणला व्हता. चटणी अजून त्याच्यावरच वाटते मी."

"चलो, झालं काम! पाट्याचं वय तेच अर्जदाराचं वय."

"अहो, पाटा व्हायच्या आधीही तो दगड होताच," विनता म्हणाली.

"असं नियमात कुठं हाय?"

पाटा जमा झाला. त्याचा कोपरा फोडून मोहोरबंद नमुना विनताच्याच प्रयोगशाळेत गेला. उरलेला पाटा पुरावा म्हणून कचेरीत राहिला आणि भीमाबाई कोरडी भाकर खात राहिल्या. कुणालाही त्याची लाज वाटली नाही.

अहवाल आला: वय एकशे ऐंशी कोटी वर्षे, अधिक-उणे दोन कोटी.

"अभिनंदन, आजी. साठी पूर्ण झाल्याचं सिद्ध झालं," नीलकंठराव म्हणाले.

भीमाबाईंनी हात जोडले. "मंग पेन्शन कवा चालू होते, भैया?"

"तेच सांगून राहिलो. साठी झाल्यावर वर्षभरात अर्ज द्यावा लागते. तुम्हाला उशीर झाला, एकशे ऐंशी कोटी वर्षांचा. त्यातले दोन कोटी मी माणुसकी म्हणून माफ करतो. पण बाकीची वर्षं काय करून राहिल्या होत्या तुम्ही?"

"इथंच रांगेत उभी व्हती."

नीलकंठरावांनी अर्ज नामंजूर केला. विनता भांडू लागली. जेवणाची सुट्टी जवळ आली होती आणि रांगेत चुळबुळ सुरू झाली. अखेर मागच्या एका शिकल्यासवरल्या, सभ्य माणसाने भीमाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी नम्रपणे, त्यांना बाजूला केले.

वाचकहो, ते आपणच होता. आपले काम झाले ना त्या दिवशी?