टिक आणि बोंबील

"मामा, मारायचं नाही, ओरडायचं नाही. नुसतं टिक करायचं. टिक झालं की कुत्रं तोंडातलं मटण टाकून येणार," सायमननं सासऱ्यांना, शलमोन गुरुजींना, सांगितलं आणि खिशातून पत्र्याचा बेडूक काढला. जत्रेत पोरांना मिळतो तसलाच. पोट दाबलं की टिक वाजायचा.

त्यानं दाबला. रॉबर हे त्याचं तांबडं गावठी कुत्रं. ते खरोखरच मागच्या दारातून हाड टाकून आलं आणि सायमनसमोर शेपूट आवरून बसलं. गुरुजी आता मान डोलावणार, तेवढ्यात पुढच्या दारातून आणखी सहा कुत्री आली आणि गुरुजींच्या ताटासमोर ओळीनं बसली. भुंकलं कुणी नाही. नुसती बघत राहिली.

"ही कोण?" गुरुजींचा घास हातातच राहिला.

"गल्लीतली. सरावाला घेतली होती."

"मग यांची फी कोण देतं?"

"तीच घेतात, पप्पा," स्वयंपाकघरातून नॅन्सी म्हणाली. "रोज बोंबील."

पुण्यातल्या एका शिबिरात सायमन हे शास्त्र शिकून आला होता. कुत्रं बरोबर वागलं की त्याच क्षणी टिक, आणि टिक झालं की खाऊ मिळालाच पाहिजे. एकदा फसवलं की कुत्र्याचा विश्वास उडतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून त्यानं श्रीगोंद्यात 'प्रेमळ श्वान प्रशिक्षण केंद्र' अशी पाटी लावली. पाटी वाचून दोघं आले. एकाला पिल्लू पाहिजे होतं, दुसऱ्याला कुत्रं चावलं होतं.

गुरुजींनी हात धुतले. "हे बघा जावईबापू, सुप्याच्या कारखान्यात तुमच्या नोकरीसाठी मी शब्द टाकलाय. बाजाराच्या दिवसापर्यंत कुत्रं शिकवून घेणारं एक गिऱ्हाईक दाखवा, मी गप बसतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी सुपा."

सायमननं हँडबिलं छापली. ती बाजारातल्या भेळवाल्यानं आवडीनं घेतली आणि त्यात भेळ बांधली. मग सायमननं श्रीमंतला गाठलं. श्रीमंतच्या रिक्षावर दोन कर्णे होते. तंबूतला सिनेमा असो नाहीतर हरवलेली म्हैस, गावाला कळायचं ते त्याच्याच रिक्षातून. सायमननं स्वतःच्या आवाजात कॅसेट भरून दिली.

"बंधूंनो आणि भगिनींनो, काठी टाका! टिक! साखळी सोडा! टिक! प्रेमानं शिकवा! टिक!"

श्रीमंतनं ऐकून पाहिली. "सायमनभौ, मधी मधी टिकटिक काय हाय? क्यासेट खराब वाटंल लोकान्ला."

"ट्रेडमार्क आहे तो," सायमन म्हणाला.

बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडपासून सुरुवात झाली. आजवर गल्लीतल्या कुत्र्यांनी बेडकाएवढं टिक ऐकलं होतं. आज अख्ख्या गावाएवढं टिक झालं. सराव झालेली कुत्री धावत आली, त्यांना धावताना बघून बिनसरावाची आली, आणि सगळी रिक्षापुढं रस्त्यात शिस्तीत बसली. पहिल्या बाकावर रॉबर.

"हॉर्न मार," सायमन म्हणाला.

"मारतोय की. त्यान्ला हॉर्न शिकवलाच न्हाई तुमी."

"मग थांब. टिक झालंय, आता द्यावंच लागेल."

सायमन सुक्या मासळीच्या ओळीत पळाला. "राहीबाई, बोंबील द्या. आहेत तेवढे."

"आगं बया! पावनं आल्यात का घरी?"

"रस्त्यात बसलेत."

राहीबाईनं अख्खी पाटीच दिली. त्यानं ते बोंबील कुत्र्यांना वाटेपर्यंत कॅसेट पुढं गेली आणि पुन्हा टिक झालं. श्रीमंतनं बंद करू का विचारलं, तर सायमन म्हणाला, "वेडा का? एवढी माणसं जमलीत, ऐकू दे की!"

जमलेल्या माणसांत बागायतदार काकासाहेब होते. त्यांचा टेम्पो कुत्र्यांमागं अडकला होता. त्यांच्या मळ्यात दोन अल्सेशियन होती आणि सायमनचा डोळा पहिल्यापासून त्यांच्यावरच होता. भाजीची पिशवी घेऊन शलमोन गुरुजीही येऊन उभे राहिले.

काकासाहेब खाली उतरले. "पोरा, लई भारी हाय तुझं! एवढी कुत्री आन् एक भुंकंना. नगरपालिकेला जमलं न्हाई ते तू केलंस."

सायमननं सासऱ्यांकडं एकदा बघून घेतलं. "मग काका, तुमची दोन्ही कधी पाठवताय?"

"माझी कशाला? ही न्यायची बोल. आमचा टेम्पो रिकामाच चाललाय सुप्याला. कारभारी, फाळका पाड! माळावर सोड न्हेऊन समदी."

"काका, अहो, हे शिकवायचं केंद्र आहे!"

"शिकली की. पास झाली समदी."

कारभारी ड्रायव्हर हुशार होता. त्यानं रिक्षातली कॅसेट काढून टेम्पोच्या टेपात घातली, बोंबलांची उरलेली पाटी मागं ठेवली आणि आवाज वाढवला. काठी टाका, टिक. कुत्री एकामागं एक टेम्पोत चढली. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड उचलला नाही. शास्त्र शंभर टक्के यशस्वी झालं.

"रॉबर! आरं ए रॉबर!" सायमननं खिशातला बेडूक दाबला. रॉबरनं एकदा सायमनकडं बघितलं, एकदा पाटीकडं. मग त्यानं उडी मारली. फाळका लागला आणि टेम्पो गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "परत कधी येनार हो?" एका बाईनं विचारलं. "आमच्या आळीतली राह्यलीत."

गुरुजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "गिऱ्हाईकं आली म्हणायची. पण शिकवायला नाही, न्यायला. चला, बॅग भरा."

घरी नॅन्सी बोलली ती एकदाच. "माझ्या रॉबरला घालवलंत. आता या घरात बोंबील शिजणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायमन डबा घेऊन सुप्याच्या कारखान्यावर पोचला. गेटवर हजेरीचं मशीन होतं. पहिल्या शिफ्टची माणसं मागं रांगेत उभी होती. पहारेकऱ्यानं त्याला नवं कार्ड दिलं आणि खाचेत कसं घालायचं ते दाखवलं.

"आवाज आला की झाली हजेरी," तो म्हणाला.

सायमननं कार्ड घातलं. मशीन टिक वाजलं.

कँटीनच्या मागून रॉबर आला. त्याच्यामागून बाकीची आली. सगळी गेटमध्ये ओळीनं बसली, माणसांना आत जायला वाट राहिली नाही, आणि सगळ्यांनी सायमनकडं बघितलं.

सायमननं डबा उघडला. नॅन्सीनं भेंडी दिली होती.