नको नको म्हणणारे ट्राउट

हिवरखोऱ्याच्या नदीतले ट्राउट मासे आग्रह केल्याशिवाय गळाला लागत नाहीत. आधी दोनदा नको म्हणतात, मग कोणी मनापासून वाढलं तरच घेतात. यात नवल काही नाही. पहिल्या हाकेला तोंड उघडणाऱ्याला आपल्यातही हावरटच म्हणतात.

नदीकाठी माझं दुकान आहे. पिसं, केस नि रेशमी दोरा आकड्याला गुंडाळून केलेल्या खोट्या माशा मी निवडून डब्यांत लावते आणि विकते. ज्यांना हौस असते त्यांना माशी बांधायचं सामानही देते. गिऱ्हाईक सगळं बाहेरगावचं. प्रत्येकाला बजावते, मासा नको म्हणाला की दोरी ओढू नका, आग्रह करा. पण ऐकतंय कोण. खिशावर खिसे असलेली जाकिटं घालून येतात आणि साधी रीतभात घरी ठेवून येतात.

मध्यंतरी अशाच एका दीडशहाण्याने पहिल्या नकाराला माशी उचलून घेतली. नदीतल्या सर्वांत वयस्क ट्राउट, थोरल्या बाई, दुकानासमोर पाण्यातून डोकं काढून म्हणाल्या, "पुन्हा असा अपमान झाला तर आम्ही सगळे धरणाखाली राहायला जाऊ." धरणाखाली दुसऱ्याचं दुकान आहे. मासे गेले असते तर मला कुलूपच लावावं लागलं असतं.

आणि नेमके तेव्हा आले पुण्याचे केळुस्कर. सोबत त्यांची बायको, शुभांगीवहिनी. केळुस्करांनी एकेक माशी चिमटीत धरून तिला नावं ठेवली आणि शेवटी सगळ्यांत महागाची डबी घेतली. मी आग्रहाचं सांगितलं.

"मासे आहेत ते, जावई नाहीत," केळुस्कर म्हणाले.

"जावई परवडले. ते निदान रुसले तरी जेवून जातात," मी म्हटलं आणि दुकान उघडं टाकून त्यांच्या मागोमाग काठावर गेले. या माणसावर माझा काडीचा भरवसा नव्हता.

केळुस्करांनी माशी पाण्यावर सोडली. थोरल्या बाई वर आल्या, माशीकडे बघून म्हणाल्या, "नको हो, आत्ताच झालं आमचं."

केळुस्करांचा हात दोरी ओढायला निघाला. मी मनगट धरलं.

"मग म्हणू काय?" ते वैतागले.

"घरी वहिनींना वाढताना म्हणता तेच म्हणा."

ते वहिनींकडे बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "त्यांना नाही ठाऊक, ताई. त्यांनी कधी वाढलंच नाही. आमच्याकडे हे उठले की जेवण संपतं."

मला त्या माणसाची किळस आली. पण दुकान माझं होतं. मी कानात सांगत गेले, ते बोलत गेले.

"एवढीशी तर आहे, घ्या."

"पोट अगदी भरलंय."

मग मी काही सांगायच्या आतच केळुस्कर पाण्यावर वाकले आणि मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्यासाठी मुद्दाम आणली. तुम्ही नाही घेतलीत तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

थोरल्या बाईंनी माशी घेतली.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे येतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

केळुस्करांनी बाईंना उचलून फोटो काढला आणि इथल्या नियमाप्रमाणे परत पाण्यात सोडलं. बाई मात्र गेल्या नाहीत. "छान होतं. आता तुम्ही चला आमच्याकडे, पानं मांडलीत."

"नको, नको," केळुस्कर हसले.

"असं कसं? दोन घास खाऊन जा."

"पुन्हा कधीतरी."

"माझ्या गळ्याची शपथ आहे."

मागे सगळे ट्राउट ओळीने उभे होते. केळुस्करांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता नाही म्हणता येणार नाही," मी सांगितलं. "ते रुसतील."

"जा की," वहिनी म्हणाल्या. "एवढं म्हणताहेत तर."

केळुस्करांनी बूट काढले, विजार दुमडली आणि आत गेले. जाकीट पाण्यावर थोडं फुगलं, मग तेही खाली गेलं.

मासे धरणाखाली गेले नाहीत. मी वहिनींना दुकानात आणून पिठलं-भात वाढला. संध्याकाळपर्यंत नदीतून बाईंचा आवाज येत होता, "अहो, एवढं तरी घ्याच." वहिनी जरा वेळ ऐकत बसल्या. मग ताट पुढे करून त्यांनी स्वतःहून आणखी भात मागून घेतला.