मागे काय आहे?

सुहासिनी पायलटच्या कोर्सात सिम्युलेटरची परीक्षा नापास झाली आणि मुरलीधररावांनी मुलीचा अभ्यास स्वतःच्या हातात घेतला. रांझीच्या कारखान्यात आयुष्यभर माल तपासलेला माणूस. त्याला विमानाचं काय कौतुक!

"काय विचारतात नेमकं?"

"उडवता उडवता मधेच सगळे पडदे काळे करतात, बाबा. मग उंची किती होती, इंधन किती, मागे कोण होतं... ध्यान कुठे आहे ते बघतात."

"अच्छा! मग हे तर घरीच करता येते."

झालं! पोरगी जेवायला बसली की डोळ्यांवर पंचा पडायचा. "दारात कोण आहे? गॅसवर काय आहे?" सगळं बरोबर सांगायची बिचारी. पण मधेच "बाबा, दूध..." म्हणाली की मुरलीधरराव डाफरायचे, "विचारलं तेवढंच सांगायचं!" दूध खुशाल उतू जायचं.

मंगळवारी परीक्षा पुन्हा होती. या वेळी गेली की कोर्सच संपला. म्हणून तिच्या आईने, सत्यवतीबाईंनी, नर्मदामाईला नारळ कबूल केला आणि रविवारी तिघं जुन्या मारुतीतून तिलवाऱ्याच्या घाटाकडे निघाले.

"अहो, थांबा जरा, फुलं घेते," मागून सत्यवतीबाई म्हणाल्या.

मुरलीधररावांनी गाडी थांबवली. डोक्यात पुढचे प्रश्न जुळवणं चालू होतं. मागचं दार वाजलं तशी त्यांनी गाडी काढली.

पूल दिसायला लागला. "मीट डोळे! पुढे काय आहे?"

"ट्रक. डावीकडे सायकलवाला."

"पेट्रोल?"

"काटा लालवर आहे."

"शाब्बास! मागे काय आहे?"

"काहीच नाही."

"नीट आठव. आई आहे ना मागे!"

"नाही बाबा. आई फुलांच्या दुकानाशी उतरली, ती तिथंच आहे."

करकचून ब्रेक लागला. "मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मुरलीधरराव तिच्याकडे वळले. "परीक्षेत बी हेच झालं काय?"

सुहासिनीचे डोळे भरून आले. "कॅप्टन विमान जास्तच खाली उतरवून राहिले होते. मला दिसत होतं. पण ते सीनियर..."

मुरलीधररावांना मनापासून लाज वाटली. त्यांनी गाडी वळवली.

सत्यवतीबाई दुकानातल्या स्टुलावर चहा पीत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी निकाल दिला. "चलो, सुहास, तू चालव. मी पुढे बसते. हे बसतील मागे."

घाटावर नारळ वाढवून झाला, तिघं गाडीत बसली. सुहासिनीने चावी फिरवली आणि थांबली.

"बाबा, तुमच्या चपला पायऱ्यांवरच राहिल्या."

"तुला कोणी विचार..." मुरलीधररावांनी जीभ चावली. मग तापलेल्या दगडांवरून ते अनवाणी पळाले, आणि चेहऱ्यावर आनंद असा, की जणू पोरगी पासच झाली.

थोड्या वेळाने मागचं दार वाजलं. सुहासिनीने आधी मागे वळून बघितलं. बाबा बसले होते.

मगच तिने गाडी काढली.