डाव्या बाजूचं सामान

हैदराबादहून अनंतगिरीच्या जंगलात मुक्कामाला जाताना घरून दगड घेऊन जाणारा माणूस मी पाहिला आहे. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला बांधलेल्या डब्यात तो हे दगड भरायचा. नीट निवडून, धुऊन, जुन्या टॉवेलात गुंडाळून. अनंतगिरीला दगडांची टंचाई आहे अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

एवढा किस्सा मी पुष्कळ बैठकांत सांगितला आहे. हशा हमखास. इथपर्यंत सांगून मी थांबायचो आणि चहाचा कप उचलायचो. पुढचं सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता तो माणूस राहिला नाही, आणि हैदराबादच्या मलकपेठेतले आमचे लोक अजूनही त्याचा विषय निघाला की 'दगडवाला बिरादार' म्हणतात. ते नाव माझ्यामुळे पडलं. तेव्हा पुढचंही मीच सांगायला हवं.

बिरादार माझा शेजारी. आमची घरं समोरासमोर. दोघांचीही मूळ गावं उदगीरकडची, दोघांचेही आजोबा शेती भावांवर सोपवून नोकरीसाठी इथे आलेले. तो वीज खात्यात मीटर तपासायचा, मी विमा कचेरीत होतो. मी त्याला बिरादार म्हणायचो, तो मला जाधव. पहिल्या नावाने हाक मारायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

त्याची बायको, आमच्या शांतावहिनी, वारल्या, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याने ती गाडी आणली. नारायणगुड्याच्या एका तरुणाने हौसेने घेतलेली आणि पाय मोडल्यावर विकायला काढलेली. डोंगरात, मातीत आणि डांबरी सडकेवर सारखीच चालणारी, लहान इंजिनाची, पण उंच आणि हडकुळी. बिरादारची उंची बेताची. त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. तो घराच्या ओट्यावरून गाडीवर चढायचा, आणि सिग्नलला दुभाजकाला खेटून, त्यावर एक पाय ठेवून उभा राहायचा. जिथे दुभाजक नसेल तिथे तो थांबतच नसे.

"या वयात हे काय काढलंस?" मी विचारलं.

"मामूली बात," तो म्हणाला. हे त्याचं ठेवणीतलं उत्तर. ट्रान्सफॉर्मर उडाला तरी मामूली बात, दाढ काढली तरी मामूली बात. "तंबू घ्यायचा, रानात जायचं, चूल पेटवायची, रात्री बाहेर झोपायचं. तू आणि मी."

"येतो की," मी म्हणालो. मला वाटलं, हे खूळ आठवड्याभरात उतरेल.

उतरलं नाही. तंबू, अंथरूण आणि भांडी गाडीवर बांधायची कशी, हा प्रश्न त्याने हाती घेतला आणि तो वर्षभर सोडला नाही. दुकानात अशा गाड्यांसाठी तयार पिशव्या मिळतात. पहिल्या दुकानात किंमत ऐकून तो दुकानदाराला म्हणाला, "मैं थैली पूछा मियाँ, गाडी तो है मेरे पास."

मग तो जब्बारभाईकडे गेला. जब्बारभाई खिडक्यांच्या जाळ्या करणारा. मोटारसायकलला सामानाची चौकट त्याने जन्मात केली नव्हती, म्हणून त्याने जे येत होतं ते केलं. दोन्ही बाजूंना कमळाच्या नक्षीची भक्कम जाळी.

"बिरादार साब, ये हिली तो मेरा नाम बदल देव," तो म्हणाला.

ती हलली नाही. गाडी मात्र मागून एखाद्या बंगल्याच्या बाल्कनीसारखी दिसायला लागली.

जाळीवर टांगायला बिरादारने खानावळीतून फल्ली तेलाचे, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचे, दोन रिकामे डबे आणले, ते पंधरा लिटरचे चौकोनी प्लास्टिकचे असतात तसले. वरून कापले, शिकेकाईने धुतले, सुलतान बाजारातून ताडपत्री आणून शिंप्याकडून झाकणं शिवून घेतली, आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून ते आवळले. सगळं झकास. फक्त डब्यांवरचं शेंगांचं चित्र काही केल्या जाईना. एकदा सिग्नलला एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "चचा, तेल कैसा दिये?"

"तेल नक्को समझो मियाँ, बिस्तर है," बिरादारने शांतपणे सांगितलं.

या गाडीचा सायलेन्सर उजव्या अंगाने वर उचललेला असतो. पहिल्याच चाचणीत उजव्या डब्याला भोक पडलं आणि आतला बनियन वितळलेल्या प्लास्टिकला चिकटून कायमचा तिथलाच झाला. आड घालायला पत्रा हवा होता. बिरादारने स्वयंपाकघरातून परात आणली. "ती असती तर हात लावू दिला नसता," असं म्हणाला आणि ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. मग उठून जब्बारभाईकडे गेला आणि कापून घेऊन आला.

"आता बघ," मला म्हणाला, "उजवी बाजू गरम. ती माझी. डावी थंड. ती तुझी."

त्याच संध्याकाळी तो भाजीवालीचा लटकता काटा मागून आमच्या घरी आला. दोन्हीकडचं वजन सारखं नसेल तर ती हडकुळी गाडी मातीच्या रस्त्यावर एका अंगाला ओढते. हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं. कोपर खरचटलं होतं. त्याने माझी चादर, कानटोपी, घडीचं स्टूल, गरम पाण्याची पिशवी, गोळ्यांचा डबा, सगळं एका बोचक्यात बांधून दाराच्या चौकटीला टांगलं आणि चष्मा वर करून आकडा वाचला. माझी बायको सुशीला मोठ्या उत्साहाने एकेक वस्तू आणून देत होती.

"भाऊजी, यांनाही टांगून बघा एकदा," ती म्हणाली. "आणि आठवडाभर ठेवून घ्या. मलाही सुट्टी मिळेल."

त्याने शिंप्याच्या टेपने माझ्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी जब्बारभाईची जाळी चार बोटं मागे सरकली होती, मागे बसल्यावर माझे गुडघे डब्यांना लागू नयेत म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी माझा गुडघा दुखायला लागला. पुढच्या वेळी भाचीचा साखरपुडा होता. त्याच्या पुढच्या वेळी वारा फार सुटला होता. खरं कारण लिहून टाकतो. मला लाज वाटायची. मी विमा कचेरीतला अधिकारी माणूस, कमळाच्या जाळीत, शेंगांच्या चित्रामागे पाय फाकून बसलेला, मलकपेठेच्या बाजारातून चाललोय, आणि दुकानांच्या पायऱ्यांवरून ओळखीचे लोक बघताहेत. मला नाही म्हणता आलं असतं. तो ऐकून घेणारा माणूस होता. पण दर वेळी तो विचारायचा आणि दर वेळी मी म्हणायचो, "या वेळी नक्की."

म्हणून दगड आले. एका पहाटे मी त्याला ओट्यावर बसून दगड तोलताना पाहिलं. माझ्या बोचक्याचं जेवढं वजन भरलं होतं, बरोबर तेवढे.

"अरे, तुझंच सामान दोन्ही डब्यांत वाटून घे की," मी म्हणालो.

"आणि ऐन वेळी तू आलास तर? तुझं कुठे ठेवू?" तो म्हणाला. "दगडांचं काय, इथेच काढून ठेवले की झालं."

त्या दिवशी माझं पोट बिघडलेलं होतं. मी घरात गेलो. त्याने गाडी सुरू केली, ओट्यावरून चढला, आणि लगेच निघाला नाही. माझ्या दाराकडे बघत, गाडी तशीच फुरफुरत ठेवून बसून राहिला. मी पडद्याआड उभा होतो. मग तो गेला.

परतला की तो आधी आमच्याकडे यायचा, मग स्वतःच्या घरी. अंगाला धुराचा वास, मिशीत माती. सिंगूर धरणाच्या पाण्यावर कुठले पक्षी आले, अनंतगिरीला माकडांनी साबण कसा नेला, सगळं तो मलाच सांगायचा, कारण दुसरं कुणी नव्हतं. मुलगा नितीन पुण्याला. एकदा सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "चहा काही जमला नाही. एकट्यापुरतं दूध किती घालायचं ते हाताला कळत नाही अजून."

सुशीलाने त्याला पुन्हा चहा दिला. मी पक्ष्यांबद्दल काहीतरी विचारलं.

पुढे गणपतीत आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता. मला चार शब्द विनोदी बोलायला सांगितलं. मी दगडांचा किस्सा सांगितला. अभिनयासकट सांगितला, दगड धुवायचा, टॉवेलात गुंडाळायचा, काट्याला लावायचा. लोक हसून लोळले. बिरादार मागच्या बाजूला किटली घेऊन चहा वाटत होता. कुणीतरी ओरडून विचारलं, "काय बिरादार, दगड कशाला हो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला एक वाक्य पुरलं असतं, जाधवाची जागा धरून ठेवतो, एवढंच. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या असत्या.

"सवय," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाच्या कपात चहा ओतला.

कुणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत पुण्याला नितीनपर्यंत पोचला. तो मुलगा वाईट नाही. त्याची झोप उडाली, एवढंच. वडील एकटे राहतात, जंगलात जातात, डब्यात दगड भरतात. तो आला, ओट्यावर रचलेले दगड त्याने पाहिले, आणि संध्याकाळी माझ्याकडे आला. बिरादार तेव्हा चक्कीवर दळण आणायला गेला होता.

"काका, खरं सांगा," नितीन म्हणाला. "बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी त्यांना विचारलं दगड कशाला, तर म्हणाले मामूली बात. तुम्ही रोज बघता त्यांना. काही कारण आहे का याला?"

कारण माझ्या तोंडाशी होतं. ते सांगितलं असतं तर मुलगा हसला असता आणि पुण्याला परत गेला असता. पण कारण सांगायचं म्हणजे त्या पोराच्या समोर मी कोण ते सांगायचं. ज्याची दर वेळी वाट पाहिली जाते आणि जो दर वेळी येत नाही, तो.

"वय होतंय रे," मी म्हणालो. "एकटा असतो. कारण काय असणार?"

महिन्याभरात नितीनने गाडी विकायला लावली. जाळी कुणालाच नको होती. ती जब्बारभाईने परत नेली आणि कुणाच्या तरी न्हाणीघराच्या खिडकीला बसवली. बिरादारने पुण्याला मुलाकडे जायचं आणि घर भाड्याने द्यायचं ठरलं. बिरादारने वाद घातला नाही. मुलगा काळजी करतो याचंच त्याला अप्रूप वाटलं असावं. पुण्याला तो दोन वर्षं राहिला. आम्ही फोनवर बोलायचो, तिथली थंडी, इथलं ऊन, बीपीची गोळी. खरं काय ते त्याला सांगायला अडचण काहीच नव्हती. फोन ठेवला की मी स्वतःला म्हणायचो, पुढच्या वेळी. मग एका दुपारी फोन नितीनने केला, आणि बोलायचं काही उरलं नाही.

पण मला जे नोंदवायचं आहे ते त्याच्या निघण्याच्या सकाळचं. दारात टॅक्सी उभी होती, नितीन सामान चढवत होता. बिरादार रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. बसला नाही. सुशीला त्याच्यासाठी दशम्या बांधून आणायला आत गेली तेव्हा तो हळू आवाजात बोलायला लागला.

"जाधव, एक राहून गेलं. तुला यायचं नव्हतं, ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तुला तोंडावर नाही म्हणवत नाही, हेही ठाऊक होतं. तरी मी विचारतच राहिलो. गुडघा काय, पोट काय, किती खोटं बोलायला लावलं तुला माझ्यापायी. फार तंग केलं. माफ कर."

पडद्याआडचं उभं राहणं, मंडळातला हशा, नितीनला दिलेलं उत्तर, सगळं एकदम वर आलं. तेच दोन शब्द मीही म्हणायचे होते. तो समोर उभा होता, ऐकायला तयार होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे रे," मी म्हणालो. "मी काही मनात ठेवलं नाही."